ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलात? वाचायला पुस्तकं कशी मिळवायची ते पायरीपायरीने

जालन्याहून ऐरोलीला आले तेव्हा माझ्या बॅगेत सात पुस्तकं होती. घराचं डिपॉझिट, दलाली, गॅस, गाद्या यात हातातले सगळे पैसे गेले आणि ती सात पुस्तकं पावसाळा संपायच्या आत वाचून झाली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी काही वाचलं नाही. नवी पुस्तकं विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि इथे ती फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत वाचायला मिळतात, हे सांगणारं ओळखीचं कुणी नव्हतं. वर्षाने शेजारच्या ताईंनी एक कादंबरी दिली, तर दहाव्या पानाच्या आतच माझं लक्ष उडायला लागलं. लहानपणी ताटाशेजारी पुस्तक उघडून ठेवते म्हणून आईचा ओरडा खाल्लेली मी, आणि मला दहा पानं सलग वाचता येईनात! त्या दिवशी मी खरंच घाबरले.

माझं गेलं तसं तुमचं वर्ष जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. सगळ्या पायऱ्या एकदम करायची गरज नाही. पहिल्या दोन या आठवड्यातच करून टाका.

१. सभासद व्हायच्या आधी नुसतं जाऊन बसा

ठाण्यात राहत असाल तर पहिली फेरी मराठी ग्रंथसंग्रहालयात मारा. स्टेशनपासून चालत जाता येतं. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे हे तिच्या संस्थापकांपैकी एक. इतकी वर्षं मराठी पुस्तकं जपलेल्या जागेत पहिल्यांदा पाऊल ठेवताना मला देवळात गेल्यासारखं वाटलं होतं. ठाणे नगर वाचन मंदिर हीसुद्धा शहरातली जुनी संस्था आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या सेक्टर १५ मधल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात चांगलं ग्रंथालय आहे. ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तकं गोळा केली आणि त्यांच्यासाठी दादरला 'राजगृह' बांधलं, त्याच्या स्मारकात ग्रंथालय असणं मला फार योग्य वाटतं. याशिवाय दोन्ही महापालिकांची वाचनालयं आणि अभ्यासिका वेगवेगळ्या भागांत आहेत. तुमच्या भागातलं नेमकं वाचनालय शोधायचं तर वॉर्ड ऑफिसात विचारा, नाहीतर पेपरवाल्याला विचारा. त्याला हमखास माहीत असतं, कारण तिथे रोज तोच पेपर टाकतो.

बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत वर्तमानपत्रांचा आणि मासिकांचा विभाग सगळ्यांना खुला असतो. आत जा, वहीत नाव लिहायला सांगितलं तर लिहा आणि बसा. कुणी हटकत नाही. मी पहिले दोन शनिवार नुसती मासिकं चाळत बसले होते. तिसऱ्या शनिवारी काउंटरवरच्या काकांनीच विचारलं, "सभासद व्हायचंय का?"

जाण्याआधी वेळ मात्र बघून घ्या. पुष्कळ ग्रंथालयं सकाळ आणि संध्याकाळ अशी दोन वेळा उघडतात, दुपारी बंद असतात. साप्ताहिक सुट्टी दर ठिकाणी वेगळी, ती रविवारीच असेल असं नाही. लहान मूल कडेवर घेऊन भर दुपारी बंद दारापाशी उभं राहण्याचा अनुभव मी घेतला आहे. तुम्ही घेऊ नका.

२. कागद आधी जमवा

नव्याने आलेल्या माणसाची खरी अडचण इथे होते. आधारवर गावचा पत्ता असतो आणि ग्रंथालयाला स्थानिक पत्ता हवा असतो. एका ठिकाणी मला "इथला पुरावा आणा" एवढंच सांगून परत पाठवलं होतं. पुरावा म्हणून काय चालेल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. त्यात तीन महिने गेले. म्हणून पहिल्याच फेरीला हे सगळं एका फाईलमध्ये घेऊन जा:

- आधार कार्डाची झेरॉक्स (पत्ता गावचा असला तरी)
- भाडेकराराची, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सच्या कागदाची झेरॉक्स. सगळी पानं लागत नाहीत. नाव, पत्ता आणि मुदत असलेली पुरतात
- घरमालकाच्या नावाचं अलीकडचं वीजबिल
- नोकरी असेल तर कंपनीचं ओळखपत्र, विद्यार्थी असाल तर कॉलेजचं
- पासपोर्ट साइझचे दोन फोटो
- अनामत आणि पहिल्या महिन्याच्या वर्गणीपुरते पैसे, शक्यतो रोख

काही जुन्या ग्रंथालयांच्या अर्जावर आधीपासूनच्या एखाद्या सभासदाची सही लागते. शहरात कुणाला ओळखत नाही म्हणून मागे फिरू नका. सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ टाका: "अमुक ग्रंथालयाचं कुणी सभासद आहे का?" मला सही देणारे आजोबा आमच्याच विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत होते. सही तर दिलीच, वर आधी कुठलं पुस्तक न्यायचं तेही सांगितलं.

३. अर्ज भरताना हे विचारून घ्या

घरी पुस्तक न्यायचं तर देवघेव विभागाचं सभासदत्व घ्यावं लागतं. त्यासाठी परत मिळणारी अनामत रक्कम आणि दरमहा वर्गणी भरायची असते. म्हणजे अगदी फुकट नाही. पण माझी महिन्याची वर्गणी आम्हा दोघांच्या वडापाव-चहाच्या खर्चात बसते आणि तेवढ्यात महिन्याला पाच-सहा पुस्तकं वाचून होतात. सार्वजनिक ग्रंथालयांना महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता आणि शासनाचं अनुदान मिळतं. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरतं. त्यामुळे तिथलं पुस्तक हे आपल्या सगळ्यांच्या पैशातून आलेलं आहे. संकोच करायचं कारण नाही.

एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवस ठेवता येतात, मुदत फोनवरून वाढवून मिळते का आणि उशिराचा दंड किती, एवढं काउंटरवरच विचारून घ्या. मासिकांची वर्गणी वेगळी असते का, तेही विचारा. दिवाळीच्या सुमाराला दिवाळी अंकांची योजना असते का हे तर नक्कीच विचारा. एकदाच ठरलेली रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून बदलून वाचायचे, अशी सोय बऱ्याच ग्रंथालयांत असते. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकांची प्रथा सुरू केली. आज इतके अंक निघतात की सगळे विकत घेणं कुणालाच परवडत नाही. माझी निम्मी दिवाळी या योजनेवर चालते.

अनामत रकमेची पावती जपून ठेवा. भाड्याचं घर अकरा महिन्यांनी बदलतं. सामान हलवताना पावती हरवली की अनामत परत मिळवायला अर्ज, ओळख, फेऱ्या हे सगळं करावं लागतं. मी पावतीचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवते.

४. मागणी नोंदवा आणि चिठ्ठी वाचा

नवीन सभासद बहुधा समोरच्या कपाटातलं हाताला लागेल ते पुस्तक उचलतो आणि दोन पुस्तकं फसली की यायचा बंद होतो. तसं करू नका. हवं ते पुस्तक बाहेर गेलं असेल तर मागणी नोंदवता येते का, ते विचारा. ग्रंथालयाकडे ते नसेलच तर नव्या खरेदीसाठी सुचवता येतं. मी सुचवलेली दोन पुस्तकं पुढच्या खरेदीत आली होती. त्यांच्यावर दाखलांकाचा, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदक्रमांकाचा, शिक्का ताजा होता आणि पहिली वाचक मी होते.

पुस्तक उघडलं की शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघा. माझ्यासमोर आत्ता एक आहे. जांभळ्या शाईचे शिक्के, काही तिरपे, काही एकमेकांवर चढलेले. पहिली तारीख १९८७ ची. नव्वदच्या दशकात दर पंधरा दिवसांनी शिक्का पडलेला आहे, मग २००९ पासून पुढे सात वर्षं काहीच नाही आणि त्यानंतर एकाच महिन्यात तीन. कुणीतरी कुणालातरी "हे वाच" असं सांगितलं असणार. पुस्तक चांगलं की वाईट हे चिठ्ठीवरून ठरत नाही, पण कपाटासमोर गोंधळ झाला तर ज्या पुस्तकाची चिठ्ठी भरून दुसरी चिकटवलेली आहे ते घ्या. माझा हा नियम क्वचितच चुकला आहे.

एखादं दुर्मिळ पुस्तक कुठेच मिळालं नाही तर मुंबईत टाउन हॉलच्या इमारतीतलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत तिथे पाठवायची असते. ठाण्याहून लोकल धरायची, सीएसएमटीला उतरायचं आणि तिथून चालत जायचं.

५. मोबाईलवर मोफत आणि सरळ मार्गाने

ऐरोली ते ठाणे गाडीत जेमतेम दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात बॅगेतून जाड पुस्तक काढणं जमत नाही, त्यासाठी मोबाईल बरा. ही ठिकाणं मी स्वतः वापरते:

मराठी विकिस्रोत. हक्क संपलेली जुनी पुस्तकं इथे स्वयंसेवकांनी टाइप करून आणि मुद्रितं तपासून ठेवलेली असतात. अक्षर लहान-मोठं करता येतं, शब्द शोधता येतो, पुस्तक ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या, स्वरूपात उतरवून घेता येतं. माझी पहिली पसंती हीच.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं संकेतस्थळ. मंडळाने प्रसिद्ध केलेली पुष्कळ पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. इतिहास, लोकसाहित्य, चरित्रं, कोश. दुकानात यांतली निम्मी कुणी दाखवणारही नाही.

मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेलं हे काम आता ऑनलाइन मोफत वाचता येतं. मुलाने काही विचारलं की आधी इथे बघायची सवय लावून घ्या.

ई साहित्य प्रतिष्ठान. लेखकांनी स्वतःहून मोफत वाचायला दिलेली पुस्तकं इथे आहेत. नव्या लेखकांची ओळख मला इथे झाली.

इंटरनेट आर्काइव्ह. खजिना मोठा आहे, पण शोधायला चिकाटी लागते. जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून चढवताना त्यांची नावं बऱ्याचदा रोमन लिपीत आणि विचित्र स्पेलिंगमध्ये टाकली गेली, कधी मध्येच अपॉस्ट्रॉफी घालून. त्यामुळे देवनागरीत शोधून काही मिळालं नाही तर रोमनमध्ये तीन-चार पद्धतींनी नाव लिहून बघा. मग लेखकाच्या नुसत्या आडनावाने बघा. पुस्तक उतरवल्यावर आधी मधली आणि शेवटची पानं चाळा. एकदा मी दीडशे पानं वाचली आणि पुढची सोळा पानं स्कॅनमध्येच नव्हती. ती वाचायला शेवटी ग्रंथालयातच जावं लागलं.

६. 'मोफत पीडीएफ'चा सापळा

टेलिग्रामवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणाऱ्या फाईलींबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे भल्या माणसांचाही गोंधळ होतो.

भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क राहतो. मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ही ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. म्हणजे मोजणी १ जानेवारी १९५१ पासून, ती ३१ डिसेंबर २०१० ला संपली आणि २०११ पासून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन सगळ्यांचं झालं. वि. स. खांडेकर १९७६ ला गेले, त्यांच्या लेखनाचे हक्क २०३६ अखेरपर्यंत आहेत. राम गणेश गडकरी १९१९ ला गेले, ते तर केव्हाच मोकळे. लेखकाचं मृत्युवर्ष विश्वकोशात मिळतं, बेरीज स्वतः करा.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, त्यामुळे मूळ लेखक दोनशे वर्षांपूर्वीचा असला तरी कालपरवाचा मराठी अनुवाद मोकळा नसतो. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात.

आज लिहिणाऱ्या माणसाच्या कादंबरीची पीडीएफ कुणी पाठवली तर मी ती उघडत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा पाचशे-हजार प्रतींची असते. त्यातल्या शंभर प्रती फुकट फिरल्या की दुसरी आवृत्ती निघतच नाही. पुढचं पुस्तक निघायचं तर हे पुस्तक विकलं गेलं पाहिजे. विकत घेणं परवडत नसेल तर ग्रंथालयाला सुचवा. एक प्रत विकली जाईल आणि आपल्यासारखे चाळीस जण ती वाचतील.

शिवाय असल्या चॅनेलांवरून पुस्तकाऐवजी ॲप उतरवायला सांगतात, 'मोफत' म्हणून कार्डाचा नंबर मागतात. पुस्तकाची फाईल पीडीएफ किंवा ईपब असते. तिसरंच काही उतरायला लागलं तर तिथल्या तिथे थांबवा.

७. मुलं आणि मोठी माणसं

मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. ते १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचायला मिळतात. माझ्या मुलाला मी स्वतःच्या जन्मसालाचा अंक काढून दाखवला. त्यातली कोडी आम्ही दोघांनी मिळून सोडवली आणि एक मला आजही सुटलं नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर लहानांसाठी मराठी चित्रकथा आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठी वाचायला लावताना पहिल्या पातळीपासून सुरुवात करा, मूल चौथीत असलं तरी. पानावर एकच ओळ असते, ती वाचता आली की ते आपणहून पान उलटतं.

आता आईंबद्दल, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक टाइप वाचता येईना आणि त्यांनी वाचन सोडून दिलं. दुपारभर खिडकीत बसायच्या. विकिस्रोतावरचं पुस्तक मी टॅबवर उघडून अक्षर एवढं मोठं केलं की ओळीत पाचच शब्द मावायचे. त्या म्हणाल्या, "हे तर पाटीवर लिहिल्यासारखं दिसतंय गं." त्या आठवड्यात दोन वेळा दुपारचा चहा करायचा राहिला, कारण त्या वाचत होत्या. टाइप केलेला मजकूर फोनला मराठीत मोठ्याने वाचूनही दाखवता येतो. स्कॅन केलेल्या पीडीएफवर हे जमत नाही, कारण फोनच्या लेखी ती पानांची चित्रं असतात. म्हणून वडीलधाऱ्यांसाठी आधी विकिस्रोत बघा. ज्यांना दृष्टीच्या अपंगत्वामुळे छापील वाचताच येत नाही त्यांच्यासाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे वेगळं ऑनलाइन ग्रंथालय आहे. तिथे प्रमाणपत्र देऊन नोंदणी करावी लागते.

८. सोसायटीत एक कपाट

हे शेवटी करा, दोन-चार वाचणारी घरं ओळखीची झाल्यावर. आधी समितीची लेखी परवानगी घ्या, कारण जिन्यात किंवा लॉबीत कपाट ठेवलं की येण्याजाण्याच्या वाटेचा प्रश्न निघतोच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. इथल्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि बुरशी आधी मागच्या रांगेला लागते. खालच्या कप्प्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. पुस्तकं रद्दीवाल्याकडून किलोवर मिळतात. गणपतीच्या आधी घरं आवरायला काढतात तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकलात तर लोक आपणहून आणून देतात. शाळेची गाइडं आणि जुन्या डायऱ्या घेऊ नका, कपाट त्यांनीच भरतं. उद्घाटनाला मुहूर्त हवाच असेल तर १५ ऑक्टोबर चांगला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी राज्यात वाचन प्रेरणा दिन असतो.

नोंदीसाठी एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवा. कुलूप लावू नका. आमच्या कपाटाला पहिले चार महिने कुलूप होतं आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी. वहीत चार महिन्यांत नऊ नोंदी झाल्या. कुलूप काढल्यावर पहिल्याच महिन्यात एकतीस झाल्या आणि त्यातल्या सहा रात्रपाळीच्या वॉचमनदादांच्या. तेव्हापासून दोन पुस्तकं परत आलेली नाहीत. त्यातलं एक माझं आहे. ते कुणाच्या घरी आहे ते मला माहीत आहे. त्यांच्या मुलीची दहावी आहे, परीक्षा झाली की विचारेन.